वरच्या हवेची भोकं

रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीची कमिटी येणार होती, आणि आमची चूल राहते की जाते ते तेव्हाच ठरणार होतं.

आमची म्हणजे आत्यांची. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात, ती नात्यानं आत्या असो नसो. कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घराच्या मागच्या पडवीत आत्या तीसेक वर्षं चुलीवर भाकऱ्या करतायत. खाणारे मार्केटात ओझी उचलणारे गडी, बहुतेक सगळे साताऱ्याकडचे. बायकापोरं गावाला आणि हे इथं एका खोलीत सहा-सहा जण. सासरेही त्यांच्यातलेच होते. ते गेले तरी खानावळ थांबली नाही. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या दिवशी आत्यांनी चूल पेटवली, हे शेजारणी अजून सांगतात, काही कौतुकानं आणि काही नाक मुरडून.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही भट्ट्यांची दारं आणि हवेच्या झडपा बनवतो. झडप घट्ट बसते का, हवा नको तिथून शिरते का, हे बघण्याचा मला पगार मिळतो. आणि घरी अकरा वर्षं मी डोळे चोळत धुरातून ये-जा केली, पण त्या चुलीकडे एकदा धड वाकून बघितलं नाही. कामावरून आल्यावर पुन्हा तेच कोण बघणार? चूल लोखंडी, पण आतून-बाहेरून मातीनं लिंपलेली. खाली राख काढायचं तोंड आणि त्या तोंडाशी विटेचा एक तुकडा. जाळ वाढवायचा तर वीट पायानं बाजूला सारायची, कमी करायचा तर पुढं ओढायची. हवेचा सगळा कारभार त्या विटेवर. धुराडं होतं, पण बुटकं. त्यातून निघालेला धूर गल्लीत पसरायचा आणि तिथंच रेंगाळायचा.

गल्लीपलीकडच्या घरात पहिल्या मजल्यावर एक नवरा-बायको भाड्यानं राहायला आले. त्यांची खिडकी बरोबर आमच्या धुराड्यासमोर. मुलगी चार महिन्यांची, आणि तिच्या छातीत सारखी घरघर. बाई दोनदा येऊन चांगल्या शब्दांत बोलून गेली. आत्या म्हणाल्या, "हां बाई, बघते," आणि वीट होती तिथंच राहिली. तिसऱ्यांदा ती खिडकीतूनच बोलली आणि नेमकी मी पडवीत होते.

"ताई, जरा तरी विचार करा ना. हिला रात्रभर मांडीवर घेऊन बसते मी."

"मग बसा की," मी म्हणाले. "पोर तुमची आहे. आमची चूल तुमच्या आधीपासून इथं आहे. दिसली नव्हती का घर घेताना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर मला दिसलं की तिच्या खांद्यावर ते पोर झोपलं होतं आणि तिनं माझ्याकडे बघत हळूच खिडकी लावून घेतली. आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात तिचा अर्ज सोसायटीत गेला, आणि त्यात माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं होतं.

सेक्रेटरी स्वतः घरी आले. हे गृहस्थ लग्नाआधी चार वर्षं आत्यांच्या हातचं जेवलेले. त्यामुळे खुर्चीवर नीट टेकतही नव्हते.

"वहिनी, माझ्या हातात आता फार नाही. लहान मुलाची केस आहे. कमिटीतले निम्मे तर आत्ताच बंद करा म्हणतायत. मी आठ दिवस मागून घेतलेत. येत्या रविवारी दहाला आम्ही येतो, तुम्ही आमच्यासमोर चूल पेटवायची. त्या खिडकीत धूर गेला नाही तर ठीक. गेला तर मग गॅस. पुन्हा चुलीचं नाव काढायचं नाही."

आत्या काठवटीपाशी बसून पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "गॅसवर भाकरी फुगती," त्या म्हणाल्या, "भाजत न्हाय."

"मावशी, मला कळतंय हो."

"तुला कळून काय उपेग? चूल गेली तर मी काय करू? दारात बसून येनाऱ्या-जानाऱ्याची त्वांडं बघू?"

सेक्रेटरी पाणी न पिताच उठले. माझा नवरा म्हणाला, "खानावळीलाही गॅस घेऊन टाकू, कशाला टेन्शन," आणि सेकंड शिफ्टला निघून गेला. त्याचं हे कायमचंच. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याची शिफ्ट असते.

खरं सांगायचं तर चूल वाचवायला मी उठले ती काही आत्यांच्या प्रेमापोटी नाही. मला त्या अर्जाचा राग आला होता, माझ्या वाक्याची लाज वाटत होती, आणि धूर थांबवणं हे तर माझंच काम होतं. भट्टीवाल्यांच्या घरची चूल धुरापायी बंद पडावी?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या जुन्या वेल्डरकाकांना कागदावर चूल काढून दाखवली. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, एवढं आम्हा दोघांनाही पाठ होतं. खालून हवा मिळाली की लाकूड जळतं. पण लाकडातून जो धूर सुटतो त्याला जाळायला वर, तव्याच्या खाली, वेगळी गरम हवा लागते. ती विटेनं मिळत नाही. काकांनी पत्र्याचं एक कडं बनवलं. ते चुलीच्या आत बसवायचं, भिंतीपासून थोडं सुटं. त्या फटीतून हवा तापत वर चढणार आणि कड्याच्या वरच्या काठाला पाडलेल्या भोकांतून धुरात घुसणार. भोकांच्या दोन ओळी, प्रत्येक भोक करंगळीएवढं. खाली विटेच्या जागी सरकती झडप आणि तिला लांब दांडा. दांडा ओढला की हवा जास्त, ढकलला की कमी.

"धुराडं पण हातभर वाढव," काका म्हणाले. "आणि म्हातारीला नीट समजाव. चूल बदलली की हात बदलायला लागतो. माझ्या आईनं तर नवा स्टोव्ह सहा महिने कपाटात ठेवला होता."

गुरुवारी संध्याकाळी सगळं बसवलं. आत्या पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. एकदाच बोलल्या, "उघडं लोखंड चांगलं न्हाय. चुलीला मातीचं अंग लागतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शुक्रवारी पहाटे कामावर जायच्या आधी मी स्वतः चूल पेटवली. मार्केटातल्या आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या आम्ही जाळतो, त्या भडकन पेटतात. पहिली दोन मिनिटं धूर आला. मग वरच्या भोकांमधून छोट्या छोट्या ज्योती आत वळल्या आणि धुराड्यातून नुसती हवा थरथरताना दिसायला लागली. धूर नाही! मी एकटीच पडवीत टाळी वाजवली.

आत्यांना बोलावून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. "ही बघा भोकं. ह्यातून वरची हवा येते. ही कधी बुजू द्यायची नाहीत. आणि हा दांडा, हा असा."

"बघितली की," आत्या म्हणाल्या. "किती येळा दावतीस?"

पण त्यांचा हात काही दांड्याला जाईना. पाय मात्र सवयीनं विटेच्या जागी जायचा आणि झडपेवर आपटायचा. शनिवारी मला हाफ डे होता, म्हणून घरी येऊन बघते तर परातीत करपलेल्या भाकऱ्यांची चवड. त्यातल्या दोन एका बाजूनं काळ्या आणि दुसऱ्या बाजूनं चक्क कच्च्या. तीस वर्षांत आत्यांची भाकरी कच्ची राहिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. जेवायला आलेले गडी मुकाट्यानं खात होते, आणि त्यांचं ते मुकाट्यानं खाणं मला जास्त लागलं.

ते गेल्यावर मी तोंड उघडलं. "हे काय चाललंय, आत्या? उद्या लोक येणार आहेत बघायला."

"जाळ कुठं हाय तेच कळंना मला."

"कुठं म्हणजे? समोर तर आहे! एवढा लखलखीत जाळ आजवर कधी दिसला होता का ह्या चुलीत?"

"तुज्या ह्या चुलीत मला काय बी कळत न्हाय."

"कळून घ्यायचंच नाही असं ठरवलंय तुम्ही. मी कुणासाठी करतेय हे सगळं? मला काय, मी गॅसवर दोन पोळ्या लाटून मोकळी."

मला वाटलं, हा हट्ट आहे. सुनेनं आणलेली वस्तू, म्हणून ती वाईट. रात्री अंथरुणावर पडून मी मनातल्या मनात त्यांच्याशी आणखी तासभर भांडले आणि दर वेळी मीच जिंकले.

रविवारी मार्केट बंद. त्या दिवशी गडी दुपारी एकदाच जेवतात, म्हणून सकाळी चूल पेटत नाही. मी सातला उठून पडवीत आले आणि थबकले. आत्यांनी चुलीला पोतेरं केलं होतं. रोज रात्री नुसती राखमातीची फडकी फिरवतात तसं नाही, सणासारखं. लाल माती भिजवून, तिच्यात शेण मिसळून सगळी चूल सारवलेली, बोटांच्या वळ्या एकसारख्या उमटलेल्या, वर हळदीकुंकू. अजून ओली होती. आत्या भिंतीला टेकून गुडघे चोळत बसल्या होत्या.

"कधी उठलात?"

"चारला. नवी चूल हाय. चार मान्सांम्होरं उघडीबागडी कशी पेटवायची?"

मला एकदम भरून आलं. म्हणजे मनातून त्यांनी माझी चूल मान्य केली होती तर! मी चहा करून आणला, त्यांच्या शेजारी बसून प्याले, कालचं बोलणं विसरा म्हणाले. इतकं बरं वाटत होतं की चुलीत वाकून बघायचं मला सुचलंच नाही. कारखान्यात मी दुसऱ्यानं तपासलेली झडपही पुन्हा तपासते. घरी मात्र हळदीकुंकू बघून पास केली.

दहाला सगळे आले. सेक्रेटरी, कमिटीतले दोघे, आणि पोराला घेऊन गल्लीपलीकडची बाई. ती पडवीच्या कडेला, माझ्यापासून शक्य तेवढी लांब उभी राहिली. आजूबाजूच्या दोन-चार बायका आपापल्या मागच्या दारात येऊन उभ्याच होत्या. फुकटचा तमाशा कोण सोडतं? मी सगळ्यांना वरची हवा, खालची हवा समजावून सांगितली. ऐकताना सेक्रेटरी माझ्या बाजूनं मान डोलावत होते. मग मी आत्यांना म्हणाले, "पेटवा."

आत्यांनी फळ्या रचल्या, काडी ओढली. धूर आला. मी म्हणाले, "पहिली दोन मिनिटं येतो." दोन मिनिटं झाली. धूर वाढला. धुराड्यातून येत होताच, आता चुलीच्या तोंडातूनही भसाभस बाहेर यायला लागला, पांढरा, ओला, घशाला धरणारा. मी दांडा पूर्ण ओढला. काही फरक नाही. कमिटीतल्या एकानं रुमाल तोंडाला लावला. बाईनं पोराचं डोकं पदराखाली घेतलं, पण तोवर ते खोकायला लागलं होतं. एवढ्याशा जिवाचा खोकला तो केवढा असणार, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला. बाई वळली आणि जवळजवळ धावतच गेली.

"राहू द्या वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "झालं ते झालं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी फळ्या बाहेर ओढल्या, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि चुलीत वाकले. कड्याच्या वरच्या काठाला एकही भोक नव्हतं. दोन्ही ओळी गुळगुळीत सारवलेल्या. प्रत्येक भोकात माती बोटानं दाबून भरलेली, आणि वरून हात फिरवून सारखी केलेली.

माझा तोल गेला.

"आत्या, भोकं बुजवलीत तुम्ही! तीनदा सांगितलं होतं, तीनदा! मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं होतं ना? झालं समाधान?"

आत्या चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. "उंदरानं कुरतडलंय वाटलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सारवताना बोटाला भोकं लागली. माती लावली."

"उंदरानं? लोखंडाला?"

मागच्या दारात कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू ऐकलं आणि माझ्या तोंडून पुढचं निघालं. "डोळे फुटलेत का तुमचे? दिसत नव्हतं?"

असं आपण म्हणतोच की. पोराच्या हातून दूध सांडलं तरी म्हणतो. पण एरवी एका शब्दाला चार परत करणाऱ्या आत्यांनी नुसती मान खाली घातली. कोपऱ्यात एक मोडकी छत्री होती. मी तिची काडी उपटली आणि त्यांच्यासमोर धरली. "हं, धरा. आता तुम्हीच मोकळी करा."

आत्यांनी हात पुढे केला. हात काडीच्या शेजारून गेला, वीतभर लांबून, आणि हवेत मिटला. मग उघडला, पुन्हा थोडा डावीकडे गेला, पुन्हा मिटला. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझा आवाज आला होता तिकडे बघत होत्या. आणि मी धूर चुकवत एव्हाना दोन पावलं बाजूला सरकले होते.

पाठीमागे कमिटीतले तिघे होते, दारात बायका होत्या, आणि सगळे फक्त धुराकडे बघत होते. आत्यांचा हात त्यांच्यापैकी कुणी बघितला नव्हता. एकानं जरी बघितला असता, तर धुराचा प्रश्न तिथंच संपला असता. आंधळ्या म्हातारीला चुलीपाशी बसू कोण देणार?

मी त्यांचा हात पकडून खाली घेतला. सेक्रेटरींना म्हणाले, "चूक माझी आहे. नवी चूल सारवून घ्या असं मीच म्हणाले, आणि भोकं सोडायला सांगितलंच नाही. मला पंधरा मिनिटं द्या."

"वहिनी, आता कशाला..."

"चार वर्षं जेवलात ना इथं? मग पंधरा मिनिटं थांबा."

ते थांबले. कमिटीतला एकजण घड्याळाकडे बघत राहिला. मी चुलीत हात घालून एकेक भोक काडीनं फोडायला लागले. कडं चांगलंच तापलं होतं, मनगटाला दोनदा चटका बसला. ओली माती आत ढकलली तर फट बुजणार, म्हणून ती बाहेर ओढून काढायची. एका ओळीत सोळा भोकं. ती मीच पाडायला सांगितली होती, म्हणून आकडा पक्का आठवतो. दुसरी ओळ निम्मी झाली तेव्हा मी काडी दुसऱ्या हातात घेतली. आत्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. चुलीतून पडणारी माती चाचपून गोळा करत राहिल्या.

मी पुन्हा फळ्या रचल्या, पेटवल्या. धूर आला. सगळ्यांच्या नजरा धुराड्याच्या टोकाला. समोरच्या बंद खिडकीमागे बाई उभी होती, काचेतून दिसत होती. धूर तिच्या गजांपर्यंत गेला. आत कुठंतरी भरभर असा आवाज सुरू झाला, भोकांमधून ज्योती वळल्या. धुराड्यातला धूर पांढऱ्याचा करडा झाला, मग विरळ झाला, मग गेला. सेक्रेटरी गल्लीत जाऊन वर बघून आले. खिडकीखाली उभे राहून त्यांनी हाक मारली, "मॅडम, उघडून बघा जरा!"

ती लगेच उघडेना. मग एक दार उघडलं. ती वास घेत तशीच उभी राहिली, आणि दुसरंही दार उघडलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"महिनाभर बघू," सेक्रेटरी म्हणाले. कमिटीवाले गेले, दारातल्या बायका गेल्या. खिडकीखाली जाऊन मी तिला म्हणाले, "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं." ती म्हणाली, "धूर नाही आला तर बास." दुसरं काय म्हणणार होती?

परत आले तर आत्या चुलीपुढं तशाच बसलेल्या. मी त्यांच्यासमोर बसले. एवढ्या जवळून मी त्यांच्या डोळ्यांत कधी बघितलंच नव्हतं. दोन्ही बाहुल्यांवर दुधी पडदा आलेला, उजवीकडे थोडा विरळ.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा गेला त्याला दोन वर्सं झाली. उजव्यातनं तुमच्या सावल्या दिसत्यात. सावलीवनं वळखते."

"आणि भाकऱ्या?"

"भाकरीला डोळं कशाला लागत्यात? हाताला कळतं की." मग चुलीकडे मान वळवून म्हणाल्या, "जाळ धुरावर कळायचा. धूर नाकाडोळ्याला झोंबला की लाकूड नुस्तं धुमसतंय. झोंबायचा थांबला की जाळ धरला, मग तवा ठेवायचा. इटंला पाय लावला की तापली का न्हाय ते कळायचं. तू इट काढलीस. धूर बी काढलास."

तीन दिवस मी ज्या बाईला भोकं दाखवत होते, तिला मी कधी विचारलं नव्हतं की दिसतायत का.

"आत्या, सांगितलं का नाही? मोतीबिंदू आहे हा. काढून टाकतात आजकाल. ह्यांना नाही, निदान मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्यांनी हे भांडणाच्या सुरात विचारलं नाही. खरोखर विचारलं. मी काय केलं असतं ते मला नीट ठाऊक होतं. त्याच दिवशी चूल विझवली असती. अर्ज नको, कमिटी नको, आठ दिवसांची मुदत नको. त्यांच्या भल्यासाठी म्हणून विझवली असती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा नवराही माझ्या बाजूनं उभा राहिला असता.

"चूल बंद केली असती," मी म्हणाले.

"म्हाईत हाय मला."

बाराचा सुमार झाला होता. तासाभरात गडी येणार होते आणि अजून एक भाकरी झाली नव्हती. मी म्हणाले, उद्या रजा टाकते, आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आत्या म्हणाल्या, जाऊ, पर ऑपरेशन हुईस्तवर चुलीला दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाय, आन् घरात आत्ताच काय बोलायचं न्हाय. मी दोन्ही कबूल केलं. अजून वाटतं की दुसरं कबूल करायला नको होतं. पण त्या वेळी नाही म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

त्यांचा हात धरून मी दांड्यावर ठेवला. त्यांनी काठवट पुढ्यात घेतली, पिठाचा गोळा तोडला, थापायला लागल्या. मी शेजारी बसून सांगत राहिले. "वाढलाय. अजून वाढलाय. आता जरा ढकला, आत्या. थोडासाच. हं, बास. उजवीकडे जास्त आहे. फळी पुढं सरकलीय, थांबा, मी आत करते. आता उतरतोय बघा, ओढा, ओढा की..."

आत्यांचे हात भाकरीवर थांबले. मान एका बाजूला कलली, कान चुलीकडे.

"जरा गप बस की गं," त्या म्हणाल्या. "तुज्या बोलन्यात जाळ ऐकू यीना."

मी गप्प बसले. त्यांनी दांडा बोटभर ओढला, थांबल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.